फळ्यावर न उमटलेले नाव

स्मिता,

तुझ्या नावाने आरंभ करते आहे, कारण कागदावर ते नीट उमटते. अर्धा ‘स’ ‘म’ला टेकून उभा राहतो, ऱ्हस्व वेलांटी आपल्या जागी बसते, कुठे काही सांडत नाही. आपण दोघींनी ज्या पानावर इतकी वर्षे घालवली, तिथे मात्र हे नाव एकदाही लिहिले गेले नाही. का लिहिले गेले नाही हे तुला ठाऊक आहे. इतरांना ते सांगता सांगता मी तुझ्याशीच बोलणार आहे. समोरासमोर बोलताना माझे वाक्य अर्ध्यावर विरते. उरलेले तू पुरे करायचीस. आता पूर्णविरामापर्यंत मलाच जावे लागेल.

तुझी तेरवी अजून व्हायची आहे. परवा सकाळी दिलीपभाऊंनी मला दुकानात बोलावले. बसस्थानकाकडून दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तुमचे ते दुकान: पुढे भाऊंचे, तुझ्या नवऱ्याचे, मोबाइल दुरुस्तीचे काउंटर, मागे तुझा कॉम्प्युटर क्लास, मध्ये प्लायवूडची भिंत. तू गेल्यापासून शटर अर्धेच वर जाते. वाकून आत यावे लागते. भाऊ स्टुलावर बसले होते. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, पण समोर फोन नव्हता.

“बाई, फया कोरा हाये,” ते म्हणाले. “तिकडं उसात लोकं रोज उघडून पाहून राह्यले असतीन. थे गेली हे त्याइले कोन सांगन? मी हाताची कामं करनारा मानूस. लिवनं माह्यं काम नोहे.”

“माझेही नाही हो भाऊ. मी केवळ शब्द सुचवत असे…”

“तुमी नाही तं मंग बंद,” ते शटरकडे पाहत म्हणाले.

एवढेच ते बोलले. रागाने बोलले असते तर मी वाद घातला असता. निदान मनात तरी.

फळ्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांच्या फोनात उघडणाऱ्या आपल्या पानावर, बोट नेहमी तुझे चालले. मी तुझ्या डाव्या हाताला खुर्ची घेऊन बसायची, शब्द सांगायची आणि शब्द पानावर गेला की खुर्ची थोडी मागे सरकवायची. तुझ्या लक्षात आले होते ते. “बाई, भित्तीले टेकल्या आता. अजून मागं गेल्या तं शेजारच्या चक्कीत जासान,” असे तू एकदा म्हणालीस. मी हसले, परंतु खुर्ची पुढे घेतली नाही.

तुझ्याकडे मी आले तीच मुळी उशिरा आणि नाइलाजाने. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात वय गेलेले, पन्नाशी समोर दिसत असलेली, आणि अचानक संगणकाचे प्रमाणपत्र सादर करण्याची सूचना. तुझ्या वर्गात माझ्याच विद्यार्थिनी बसलेल्या. मी कोपऱ्यातले यंत्र निवडले आणि तासभर त्याला हातही लावला नाही. तू येऊन माझ्या मागे उभी राहिलीस. अमरावतीला शिकून आलेली, कारंज्याची लेक, मंगरूळपीरची सून; बोलणे मात्र दोन्ही गावांना ऐकू जाईल असे.

“मास्तरीणबाई, माऊस चावत नाही. धरा त्याले.”

“चुकले तर?”

“चुकलं तं चुकलं. मागं येता येते इथं.”

आयुष्यभर मी इतरांच्या वह्यांत तांबड्या शाईने खुणा केल्या होत्या. चूक या गोष्टीविषयी इतक्या निष्काळजीपणाने, आणि इतक्या मायेने, बोलणारे कोणी मला तोवर भेटले नव्हते. हे मी तुला कधी सांगितले नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावरही मी येत राहिले, तेव्हा ‘अजून थोडा सराव हवा’ असे कारण दिले होते. तू ते कारण खरे मानल्यासारखे दाखवलेस. त्याबद्दलही आभार राहिलेच आहेत.

मग एके दुपारी तू भिंतीपलीकडून हाक मारलीस. काउंटरवर एक फोन होता. स्वस्तातले टचचे फोन तेव्हा नुकतेच आपल्याकडे येऊ लागले होते: बुटके, जाड, बोटाला न जुमानणारे आणि नखाने दाबले तरच ऐकणारे. त्यांच्यातला ब्राउझर म्हणजे इंटरनेटची खिडकी नव्हे, फट होती. मोठ्या पडद्यासाठी केलेले पान तो मुंगीच्या अक्षरांत दाखवायचा.

“वाचा बरं हे.”

मी चष्मा सावरून वाचले. “वाशमि.”

“आपला जिल्हा हाये बाई! असा दिसून राह्यला.”

तेव्हा तू मला ते समजावलेस. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण यंत्राच्या पोटात ती अक्षरानंतर येते. तिला उचलून आधी आणून बसवणे हे फोनचे काम. या फोनना ते काम शिकवलेले नव्हते. म्हणून ‘श’ची वेलांटी ‘म’च्या डोक्यावर. जोडाक्षरांची गत आणखी वाईट: अर्धे अक्षर अर्धे होतच नसे, ते पाय लोंबकळत ठेवून तसेच उभे राही. काही फोनांत तर देवनागरीच नव्हती. तिथे सारे चौकोन. त्यांच्यापुढे आपण दोघी हरलो होतो. पण ज्यांत अक्षरे होती आणि मोडत होती, त्यांच्यापुढे तू हरायला तयार नव्हतीस.

“तुमी मराठीच्या हा न? मंग मले अशी मराठी द्या का जे तुटनार नाही. जोडाक्षर नको. पहिली वेलांटी नको.”

मला ते चमत्कारिक वाटले. हौसेचा खेळ वाटला. तो कोणासाठी आहे हे कमळाबाई आली तेव्हा कळले.

मानोऱ्याकडचे तांडे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे, शाळेतली मुले आणि कुलपे उरतात. कमळाबाई फोनचे बटण दुरुस्त करायला आली होती. तिने भाऊंना विचारले, “यात आमच्या तांड्याची खबर दिसन का? फोन लावला तं लागत नाही. लागला तं बुढीले आयकू येत नाही.” भाऊ हसले. तू हसली नाहीस. भिंतीच्या अलीकडे येऊन तिच्याजवळ बसलीस आणि विचारत राहिलीस: खबर म्हणजे कोणती, कोणत्या वेळी पाहशील, हातात कोयता असताना की भाकरी करताना, तिकडे रेंज कुठे येते, वाचता किती येते. ती चौथी शिकलेली होती. साधी अक्षरे ती भरभर वाचायची आणि जोडाक्षर आले की रस्त्यात खड्डा आल्यासारखी थांबायची.

त्यातून फळा झाला. दुकानातून विकत घ्यायचे ॲप नाही. फोनागणिक निराळे ॲप करत बसण्याएवढे आपल्यापाशी होते तरी काय? ब्राउझर मात्र साऱ्या फोनांत होता, बरा-वाईट. त्यात पत्ता टाकला की एक पान उघडावे, तांड्याच्या नावावर बोट ठेवले की चार ओळी दिसाव्यात. तांड्यातला किराणावाला सकाळी फोन करून बातम्या सांगायचा, तू त्या चार ओळींत बसवायचीस. पाण्याचे काय, शाळेचे काय, कोण आजारी, कोण बरे.

मला पानाच्या माथ्यावर ‘सुप्रभात’ हवे होते, आणि एखादी वेलबुट्टी. तू म्हणालीस, “आधी भाकर, मंग ताट.” त्या नेटवर्कवर पान मुंगीच्या पावलांनी यायचे आणि मधेच तुटायचे. म्हणून पहिल्या घासातच बातमी पोहोचली पाहिजे. रंग, रेघा, बटणे नंतर, आली तर आली. एकदा उघडलेले पान रेंज गेल्यावरही फोनात शिल्लक राहावे यासाठी तू कितीतरी दुपारी झगडलीस. जमले त्या दिवशी भाऊंच्या डब्यातली भाकरी उचलून मला दाखवत म्हणालीस, “हे पाहा. आता डब्यात बांधून नेता येते.”

आणि तो अंगठा! कोयता धरून कमळाबाईचा अंगठा रुंद झालेला, भेगाळलेला. तिने एक बटण दाबले की शेजारची दोन दाबली जायची. तू शिक्क्याचे शाईचे पॅड उघडलेस आणि तिचा हात धरलास. तिने तो झटक्यात मागे घेतला.

“अंगठा कायले घेता व बाई? वावर लिवून घेता का माह्यं?”

“तुह्यापाशी वावर हाये का कमळाबाई?”

“नाही न!” ती म्हणाली आणि खदखदून हसली. “मंग घ्या. भेव कायचं?”

कागदावर उमटलेला तो निळा ठसा तू पडद्यावर ठेवलास आणि फळ्यावरचे प्रत्येक बटण त्याच्या मापाचे केलेस. ज्या अंगठ्याने आपल्याकडे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या न वाचलेल्या कागदांवर होकार दिला, त्याच्या मापाने कोणी दार बनवावे, असे मी तोवर पाहिले नव्हते. तुला हे वाक्य ऐकवले असते तर तू म्हणाली असतीस, “बाई, भाषण नको. बटन दाबून पाहा.”

शब्दांवरून आपले किती भांडण झाले! ‘पुन्हा’ला मी ‘परत’ दिले, ‘विहीर’ तुटली म्हणून तू ‘हापसा’ लिहिलास, ‘परीक्षा’ जाऊन ‘पेपर’ आले, ‘सुट्टी’ जाऊन ‘शाळा बंद’. इथवर मी निमूट होते. पण ‘लग्न’ आले आणि तू सरळ ‘लगीन’ लिहिलेस.

“स्मिता, हे ग्राम्य आहे.”

“अन् लगनातले लोकं कोनते हायेत बाई? ग्राम्यच न!”

‘जन्म’ऐवजी ‘जलम’ मात्र मी होऊ दिले नाही. पुष्कळ शोधून ‘मुलगी झाली’, ‘मुलगा झाला’ हे दिले, आणि तू मान्य केलेस की हे अधिक चांगले आहे. जलम कोणाचा झाला हे लोकांना आधी हवे असते. ‘निधन’ त्या फोनात ‘नधिन’ व्हायचे, ‘मृत्यू’चा पाय लोंबायचा. मरणासाठी मराठीने न तुटणारा शब्द आधीच करून ठेवला होता: वारले. तो मी सुचवला तसा तू लिहून पाहिलास. “हा बेस हाये,” म्हणालीस. “याले काही करा नाही लागत.”

‘वाशिम’चे भांडण तेवढे मिटले नाही. तू दीर्घ वेलांटी देऊन ‘वाशीम’ लिहिलेस, कारण ती अक्षराच्या मागेच असते, तिला कोणी उचलून आणावे लागत नाही. मी म्हटले, सरकारी पाटीवर ऱ्हस्व आहे. तू म्हणालीस, “सरकारी पाटी उसात दिसत नाही.” पुढे चांगले फोन आले, वेलांट्या आपोआप जागेवर बसू लागल्या, तेव्हा मी पुन्हा विषय काढला. आता तरी दुरुस्त करू या. तू मान हलवली नाहीस. कोणाच्या न कोणाच्या हातात जुना फोन असतोच, आणि ज्याच्या हातात तो असतो त्यालाच दुसरा घेणे जमत नसते, असे तुझे म्हणणे. त्यातही तथ्य होते. माझ्याही म्हणण्यात होते. अजूनही मला ऱ्हस्वच बरोबर वाटते, स्मिता. तू नाहीस म्हणून मी मत बदलले, असे होणार नाही. तुलाही ते आवडले नसते.

सारे शब्द मोडून वाकवून बसवले, आणि राहिली दोन नावे: तुझे आणि माझे. पानाच्या तळाशी करणाऱ्याचे नाव असावे असे मलाच वाटले होते. तुझे नाव त्या फोनात उघडून पाहिले. ‘स’ लंगडा, पुढे उघडा ‘म’, आणि वेलांटी ‘त’च्या माथ्यावर. एकही अक्षर धड नव्हते. माझे मात्र ‘उषा’. जसेच्या तसे, स्वच्छ.

“मंग तुमचंच टाकू इथं,” तू तळाशी बोट ठेवून म्हणालीस.

“नको. अजिबात नको.” मी खुर्ची मागे घेतली.

“पाहा गंमत. तुमचं नाव उमटते तं तुमाले लाज वाटते, अन् मले लाज नाही तं माह्यं नाव उमटत नाही!”

तांड्यावरच्या बाया तुला ‘समीताबाई’ म्हणायच्या. त्या नावाला काही होत नव्हते. तेच लिहावे, असे भाऊ भिंतीपलीकडून म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा तुझा आवाज खाली आला. “हाक मारो कोनी कशी बी. लिवायचं असन तं माह्यंच लिवा, नाही तं राहू द्या.” आणि मग मला ती तांदळाची गोष्ट सांगितलीस. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. सासूबाईंनी तुझ्यासाठी ‘वैशाली’ ठरवले होते. तू आदल्या दिवशीच भाऊंना निरोप धाडला होतास की मी माझे नाव देणार नाही. ताट समोर आले. साऱ्या बाया वाकून पाहत होत्या. भाऊंनी घाम पुसत तांदळात ‘स्मिता’ लिहिले.

“अन् तांदळात बी जोडाक्षर फिसकटलंच!” भाऊ पलीकडून म्हणाले. “मायनं वाचलं अन् इचारलं, हे काय लिवलं रे?”

तू हसलीस, पण ठरले ते ठरले. इतक्या शब्दांना तू फोनापायी नवी रूपे दिलीस. तुझे स्वतःचे नाव मात्र एकदा वाचवून आणलेले होते, ते पुन्हा मोडू दिले नाहीस. म्हणून इतकी वर्षे फळा बिननावाचा चालला. लोकांनीच मग तुला नाव दिले: फळावाली बाई. त्यांच्या तोंडी, फयावाली.

निवृत्तीनंतर मी तुझ्याकडूनच पाने बांधायला शिकले. त्या वयात शिकणाऱ्याच्या गतीने. एक कंस विसरला की सारे पान कोसळायचे, आणि मी अपराधी चेहऱ्याने तुझ्याकडे पाहायची. तू म्हणायचीस, “कंस म्हंजे दार हाये बाई. उघडलं तं लावा.” यंदा पावसाळा सरताना मी पहिल्यांदा कोणाला न विचारता एक पान केले: नवा फळा. त्यात जोडाक्षरे होती, ऱ्हस्व वाशिम होते, माथ्यावर बारीकशी वेलबुट्टीही होती. धीर करून तुला दाखवले. तू फोन घेऊन पायरीवर गेलीस, कारण काहीही तपासायचे तर उन्हात, हात लांब धरून, हा तुझा नेम. भाऊंकडे दुरुस्त झालेला प्रत्येक फोन गिऱ्हाइकाला देण्याआधी तू उन्हात नेऊन त्यावर फळा उघडून पाहायचीस. “सावलीत साऱ्याइचंच चांगलं दिसते,” असे म्हणायचीस.

त्या दिवशी तू बराच वेळ उन्हात उभी राहिलीस. दम लागला होता तुला. तेव्हा ते मला उन्हामुळे वाटले. आत येऊन बसलीस आणि म्हणालीस, “अकोल्याच्या डॉक्टरले दाखवून येते. आली का सांगते.”

काय सांगणार होतीस? चांगले आहे म्हणणार होतीस की कमळाबाईच्या फोनात उघडून दाखवा म्हणणार होतीस? दोन्ही उत्तरे मी तुझ्या आवाजात ऐकून पाहिली आहेत. दोन्ही खरी वाटतात. अकोल्याच्या दवाखान्यात भेटायला आले तेव्हा विचारता आले असते; पण तुझ्या नाकाशी नळी असताना स्वतःच्या पानाविषयी विचारणे मला अशोभनीय वाटले. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, “किराणावाल्याचा फोन आल्ता का?” मी हो म्हटले. तेच आपले शेवटचे बोलणे.

परवा भाऊ ‘बंद’ म्हणाले आणि थोड्याच वेळात काउंटरवर ठेवलेला तुझा फोन वाजला. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि तो माझ्यापुढे सरकवला. कमळाबाई होती.

“समीताबाई?”

“मी उषाबाई बोलते आहे. कमळाबाई, कशी आहेस?”

“मी बेस. बाई, फया काहून कोरा हाये व? आमच्या पोरीचे दिस भरले हायेत. सासरचे फोन उचलत नाही. मी रोज पाहून राह्यली.” मागे उसाच्या पानांची सळसळ ऐकू येत होती, आणि कोणीतरी तिला हाक मारत होते. “समीताबाई कुठी हाये?”

 जी तुझी अशी वाट पाहत होती, तिला ते दोन शब्द ऐकवणे मला जमले नाही. “सकाळी फळा उघड,” एवढेच म्हणाले आणि फोन ठेवला. भाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही. उठून शटर पूर्ण वर केले. दुकानात ऊन आले.

घरी जाऊन मी लिहायला बसले. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द हाताला आपोआप आले. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर पाहून ते हाताच्या सवयीचे झाले आहेत. त्या फोनात त्यांचे काय होईल हे मनाशी पाहिले: लोंबणारे पाय, उघडी पडलेली अक्षरे. त्यांतून कमळाबाईला काही कळले नसते. अंत्यसंस्कार, दुःखद निधन, चिरशांती, आत्मा: माझ्या शिक्षणाने दिलेले दुःखाचे सारे शब्द एकेक करून तुटत गेले. मला वाटले होते की आपण मजकुरावर वर्षानुवर्षे जे बंधन घातले ते फोनसाठी होते. तुझी बातमी लिहिताना कळले की ते मलाही धरून ठेवणार आहे; भरकटू देणार नाही.

काल सकाळी किराणावाल्याला मीच फोन केला. कमळाबाईच्या मुलीविषयी विचारून घेतले. मग तुझ्या खुर्चीवर, माझ्या नव्हे, बसून चार ओळी लिहिल्या:

सारे ऐका.
आपली फळावाली बाई वारली.
फळा बंद होणार नाही.
कमळाबाईची लेक बरी आहे. अजून वाट पाहा.

भाऊंच्या ड्रॉवरमधला सर्वांत जुना फोन घेऊन मी पायरीवर गेले. हात लांब केला. रस्त्यावरचे लोक पाहत होते. साठी उलटलेली एक बाई उन्हात उभी राहून फोनकडे टक लावून पाहते आहे. मला ओशाळल्यासारखे झाले, पण आत गेले नाही. पान आले. आधी भाकर आली. एकही अक्षर तुटले नव्हते. ‘वारली’ही नाही. ते तुटले असते तर बरे झाले असते, असे क्षणभर वाटले.

तासाभराने तुझा फोन वाजला.

“बाई, फया वाचला.” कमळाबाईचा आवाज ओळखू येत नव्हता. “हे खरं हाये का? का कोनी मजाक केली?”

“मजाक कशी असेल, कमळाबाई?”

“मंग खाली नाव काहून नाही? इथं साऱ्या बाया इचारून राह्यल्या. कोनी म्हन्ते खरं, कोनी म्हन्ते झूठ. रोजचा फया समीताबाईचा, त्याले नाव कायले लागते? पन हे तं तिनं नाही लिवलं न! मंग कोन लिवलं? आमी कोनाच्या भरवशावर रडाव?”

 ती बरोबर बोलत होती. मला सारे व्याकरण येते, आणि हे एवढे सुचले नव्हते की मरणाची बातमी सांगणाऱ्याने तिच्याशेजारी उभे राहायचे असते. मी रोजच्यासारखी सांगून मागे सरकले होते.

“खरे आहे, कमळाबाई,” मी म्हणाले. “स्मिता गेली. मी लिहिले आहे ते.”

 मग ती रडू लागली. तिच्यामागे आणखी आवाज. मी ऐकत राहिले. फोन ठेवावासा वाटला, ठेवला नाही. शेवटी ती नाक ओढून म्हणाली, “उद्या लिवसान न बाई? माह्या पोरीचं?”

“लिहीन.”

मी आत गेले. फळा उघडला. चौथ्या ओळीखाली, जिथे तू एकदा बोट ठेवून ‘इथं’ म्हणाली होतीस, तिथे माझे नाव लिहिले.  दोनच तर अक्षरे. तुझे नाव नाही लिहिले, स्मिता. ते मोडून लिहायचा मला अधिकार नाही, आणि धड लिहिले तर ते तिथे मोडेल. तुझे नाव इथे, कागदावर, लिहिते आहे. जितक्या वेळा लिहावेसे वाटेल तितक्या वेळा.

पुन्हा पायरीवर आले. तोच जुना फोन, तसाच लांब धरलेला हात. चार ओळी आल्या. मग बराच वेळ काही नाही. नेटवर्क अडले असावे. मग सर्वांत खाली, उन्हात, ‘उषा’.

“उमटलं का?” भाऊंनी काउंटरवरून विचारले.

“उमटले,” मी म्हणाले, मागून येणाऱ्या तुझ्या शब्दाची वाट न पाहता.